स्कल किंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पत्त्यांचा अड्डा बसतो. गेली दोन वर्षं तिथे रमी मागे पडली आणि स्कल किंग पुढे आला. खेळून घरी गेलेली माणसं नंतर मेसेज करून शंका विचारतात, आणि शंका त्याच त्याच असतात. त्या इथे एका जागी उतरवल्या आहेत. जिथे नियम खोक्यातला नसून आमच्या अड्ड्याचा आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

१. हा नक्की कसला खेळ आहे?

समुद्री चाच्यांच्या चित्रांचा, हात करण्याचा पत्त्यांचा खेळ. प्रत्येकाने एकेक पान टाकायचं आणि सगळ्यात भारी पानवाल्याने ती उचलायची, हा झाला एक हात. अमेरिकेतल्या ग्रँडपा बेक्स गेम्सने तो २०१३ मध्ये काढला. रचनाकार ब्रेंट बेक. दहा डाव असतात. पहिल्या डावात प्रत्येकाला एक पान, दुसऱ्यात दोन, असं करत दहाव्यात दहा. दर डावाच्या सुरुवातीला आपण किती हात करणार ते सांगायचं, आणि नेमके तेवढेच करायचे. जास्त झाले तरी बुडालात, कमी झाले तरी बुडालात.

२. म्हणजे जजमेंटच ना? आम्ही लहानपणापासून काचुफूल खेळतो.

हाडामांसाने जजमेंटच (काचुफूल हे त्याचंच दुसरं नाव), फक्त डोळ्यावर काळी पट्टी बांधलेलं. तुम्हाला जजमेंट येत असेल तर अर्धा खेळ आलाच. फरक तीन.

एक, हुकूम बदलत नाही. काळी, चौकट, फुल्ली, लाल अशी पाळी इथे नसते. दहाही डाव काळा रंगच हुकूम.

दोन, हात एकामागोमाग एक सांगत नाहीत. सगळे एकदम सांगतात (प्रश्न ५). त्यामुळे ‘शेवटच्याने बेरीज पानांइतकी जुळवायची नाही’ हा जजमेंटचा नियम इथे लागूच होत नाही. चार पानांच्या डावात सगळ्यांची बेरीज चार आली तर आली.

तीन, चौदा खास पानं. खरी धमाल आणि खरी भांडणं तिथेच. आमच्याकडे एका मैत्रिणीच्या सासूबाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा त्यांना फक्त खास पानं समजावून सांगावी लागली. बाकीचं त्यांनीच आम्हाला शिकवलं.

३. किती जण लागतात? किती वेळ जातो?

दोन ते आठ जण. चार ते सहा जणांत सगळ्यात रंगतो. खोक्यावर वय आठ आणि पुढे असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे, कारण वाचण्यासारखं पानांवर फार काही नाही. दहा डावांत मिळून ५५ हात होतात. हात बसलेल्या मंडळींना पाऊण तास पुरतो, पहिल्यांदा खेळणाऱ्यांना सव्वा तास लागला तर घाबरू नका. वेळ कमी असेल तर आम्ही एक, तीन, पाच, सात, नऊ असे पाचच डाव खेळतो. ५५ ऐवजी २५ हात, आणि चहा गार व्हायच्या आत निकाल.

४. कॅटमध्ये कोणकोणती पानं असतात?

नव्या आवृत्तीच्या मूळ कॅटमध्ये सत्तर पानं. चार रंग: हिरवा (पोपट), पिवळा (खजिन्याची पेटी), जांभळा (नकाशा) आणि काळा (कवटीचं निशाण). प्रत्येक रंगात १ ते १४, म्हणजे छप्पन्न. उरलेली चौदा खास: पाच एस्केप, पाच चाचे, दोन जलपऱ्या, एक टायग्रेस आणि एक स्कल किंग. एस्केपवर पांढरं निशाण असतं. त्याला आम्ही सरळ ‘पळ’ म्हणतो आणि खाली तोच शब्द वापरला आहे. स्कल किंग म्हणजे ‘राजा’. पण साध्या कॅटमधल्या राजाशी त्याची गल्लत करू नका.

याशिवाय चार जादा पानं मिळतात: क्रॅकन, व्हाइट व्हेल आणि दोन लूट. पहिल्या दोन बैठकांत ती खोक्यातच राहू द्या. त्यांच्याबद्दल शेवटी.

५. हात कसे सांगायचे?

पानं बघून झाली की सगळ्यांनी मूठ पुढे धरायची, ‘यो-हो-हो’ म्हणत तीनदा आपटायची आणि तिसऱ्या वेळी बोटं दाखवायची. मूठ बंदच ठेवली तर शून्य. रात्री अकरानंतर आम्ही हळू आवाजात ‘एक-दोन-तीन’ म्हणतो. बोटं एकदा दिसली की बदल नाही. प्रत्येकाचा आकडा लगेच कागदावर लिहा, नाहीतर तिसऱ्या हाताला ‘मी दोन म्हणालोच नव्हतो’ सुरू होतं.

६. पान टाकण्याचा नियम काय? रंग द्यावाच लागतो का?

वाटणाऱ्याच्या डावीकडच्याची पहिली उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान तो टाकतो. त्यानंतर जो हात करेल त्याची. उतारीचा रंग तुमच्याकडे असेल तर तो द्यायचा. नसेल तर काहीही टाका, काळा हुकूमसुद्धा. इथपर्यंत नेहमीचंच.

नेहमीचं नसलेलं हे: हातात उतारीचा रंग असला तरी खास पान केव्हाही टाकता येतं. नवे लोक इथेच अडतात. समजा उतारी पिवळी ७. दुसऱ्याने पिवळी १२ टाकली. तिसऱ्याकडे पिवळी आहे, पण त्याला हा हात नको आहे, म्हणून तो पळ टाकतो. चालतं. चौथ्याकडे पिवळी नाही, तो काळी २ मारतो. पाचव्याकडे पिवळी ३ आहे, तरी तो जलपरी टाकतो. हात पाचव्याचा. जलपरी नसती तर काळ्या दुरीने बारावर हात नेला असता.

७. खास पानांत कोण कोणाला मारतं? दर वेळी विसरतो.

एक गोल लक्षात ठेवा: राजा चाच्यांना मारतो, चाचे जलपऱ्यांना मारतात, जलपरी राजाला मारते. तिघेही कोणत्याही आकड्याच्या वर, काळ्या चौदाच्याही वर. पळ मात्र सगळ्यांच्या खाली.

एकाच हातात दोन चाचे पडले तर आधी पडलेल्या चाच्याचा हात. दोन जलपऱ्या पडल्या तरी तसंच, पहिली जिंकते. या एका नियमात बरीच चलाखी दडलेली आहे. तुमचे हात पुरे झाले आहेत आणि हातात चाचा अडकून पडला आहे? दुसऱ्या कोणाचा चाचा पडायची वाट बघा आणि त्याच्यावर तुमचा सोडून द्या. चाचा एरवी हात करणारं पान, पण अशा वेळी पळसारखा उपयोगी पडतो. जलपरी चाच्याखाली सोडतानाही हाच हिशोब, फक्त तिथे समोरच्याला बक्षीस मिळू शकतं (प्रश्न १०).

८. टायग्रेस म्हणजे काय?

टाकताना तुम्ही जाहीर कराल ते: चाचा किंवा पळ. तोंडाने सांगायचं आणि पान खाली ठेवतानाच सांगायचं. चाचा म्हटलं की ती सर्व बाबतीत चाचाच, राजाकडून मार खाण्यासह. सांगायला विसरलात तर? आमच्याकडे पुढच्या भिडूने पान टाकेपर्यंत मुभा, त्यानंतर ती पळ धरली जाते. हा आमचा नियम आहे, तुम्ही तुमचा ठरवा, पण खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा.

९. गुण कसे मोजायचे?

सांगितले तेवढेच हात झाले तर प्रत्येक हाताला २० गुण. तीन सांगून तीन केले की ६०. चुकलात तर जितक्या हातांनी चुकलात तितके दहा वजा, आणि केलेल्या हातांचं काहीच मिळत नाही. तीन सांगून पाच झाले तर उणे २०.

शून्याचा हिशोब वेगळा. शून्य सांगून शून्यच राहिलात तर त्या डावात जितकी पानं वाटली त्याच्या दहापट गुण. फसलात तर तेवढेच वजा. आठव्या डावात यशस्वी शून्याचे ८०, म्हणजे चार हात बरोबर करणाऱ्याइतके. पण एक हात जरी गळ्यात पडला तरी उणे ८०.

१०. बोनस कधी मिळतो?

बोली, म्हणजे सांगितलेला आकडा, बरोबर आली तरच. बोली चुकली तर हातातला सगळा ऐवज मातीमोल. बरोबर आली तर डावाच्या शेवटी तुम्ही केलेल्या हातांमध्ये बघा: हिरवी, पिवळी, जांभळी यांतली प्रत्येक चौदा १० गुणांची, काळी चौदा २० गुणांची. चौदा तुमचीच होती की दुसऱ्याची मारली, याने फरक पडत नाही. चाच्याने जलपरी पकडली तर दर जलपरीला २०. राजाने चाचे पकडले तर दर चाच्याला ३०. जलपरीने राजाला पकडलं तर ४०.

जुन्या आवृत्तीत आकडे १३ पर्यंतच आहेत आणि राजा पकडण्याचे ५० मिळतात. मामेभावाच्या घरी वेगळं खेळतात म्हणून भांडू नका, बहुधा त्यांच्याकडे जुनं खोकं असेल.

११. शून्य कधी सांगावं? मी दर वेळी बुडते.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. याचं उत्तर जरा सविस्तर.

नवखा माणूस लहान पानं आली की शून्य सांगतो. फक्त लहान पानांवर भागत नाही, काळा रंग किती आहे तेही बघावं लागतं. काळी ३ लहान दिसते, पण कोणी पिवळी उतरलं, तुमच्याकडे पिवळी नाही आणि काळ्याशिवाय टाकायला काही नाही, की तीच काळी तिरी हात घेऊन येते. उलट पिवळी ११, १२ अशी मोठी पानं जवळ असतील, पण सोबत पिवळी १, २ आणि एखादा पळ असेल, तर शून्य निघू शकतं. मोठं पान दुसऱ्याच्या त्याहून मोठ्या पानाखाली, हुकुमाखाली किंवा चाच्याखाली सोडायला वाव आहे का, हे बघायचं.

दुसरी गोष्ट, डाव कितवा आहे ते बघा. चुकीची किंमत सगळीकडे सारखी नाही. नवव्या डावात दोन सांगून एक किंवा तीन झाले तर फक्त उणे १०. शून्य सांगून एक झाला तर उणे ९०. हात डळमळीत असेल तर मोठ्या डावात शून्यापेक्षा एक किंवा दोन सांगणं स्वस्त पडतं. माझ्या मते तुम्ही बुडता त्या इथे: दुसऱ्या-तिसऱ्या डावातलं धाडस आठव्या-नवव्यातही तसंच चालवता.

तिसरी, थोडी दुष्ट गोष्ट. शून्य एकदा फुटलं की पुढे एक हात झाला काय आणि पाच झाले काय, वजाबाकी तेवढीच. म्हणून शून्य फुटलेल्या माणसापासून सांभाळून राहा. त्याचं काही जायचं नाही, आणि तो आता तुमचे हात पळवायला मोकळा आहे.

१२. बोटं दाखवून झाली की पहिल्यांदा काय बघायचं?

बेरीज करा. पाच पानांचा डाव आणि सगळ्यांची बेरीज आठ, तर हातांसाठी मारामारी होणार. मोठी पानं लवकर पडतील, तुम्हाला हवे असलेले हात आधी उरका. बेरीज तीन असेल तर उलटं: दोन हात कोणालाच नको आहेत, शेवटी ते कोणाच्या तरी गळ्यात पडणार, तेव्हा नकोशी पानं आधी काढून टाका आणि पळ शेवटपर्यंत जपून ठेवा. जजमेंटवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. रमीवाल्यांना दोन शनिवार लागतात.

एक भान मात्र ठेवा. सगळी पानं खेळात कधीच नसतात. चार जणांच्या पहिल्या डावात सत्तरपैकी चारच पानं बाहेर येतात, दहाव्या डावातही तीस पानं बाजूलाच पडलेली असतात. ‘राजा अजून पडला नाही म्हणजे कोणाकडे तरी आहे’ हा तर्क इथे चालत नाही.

१३. उतारीच खास पानाची झाली तर रंग कोणता?

चाचा, जलपरी किंवा राजाने उतारी झाली तर त्या हाताला रंगच नाही. कोणीही काहीही टाकावं. पळने उतारी झाली तर रंग पुढचा ठरवतो: त्याने आकडा टाकला तर तो रंग, त्यानेही पळ टाकला तर त्याच्या पुढचा. आकडा पडण्याआधीच चाचा पडला तर पुन्हा ‘रंग नाही’. आधी आकडा पडला आणि मग मध्येच चाचा आला, तर आधीचा रंग कायम.

१४. सगळ्यांनीच पळ टाकला तर?

पहिल्या पळवाल्याचा हात. शून्य सांगून निश्चिंतपणे पळने उतरलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. टायग्रेस पळ म्हणून टाकली असेल तरी हाच नियम.

१५. चाचा, राजा आणि जलपरी एकाच हातात पडले तर? आमच्याकडे यावरून अबोला झाला.

जलपरी जिंकते. क्रम कोणताही असो. चाचा जलपरीला मारतो हे खरं, पण राजा हातात असला की तिघांत जलपरीच वरचढ, असा स्पष्ट नियम आहे. बोनस राजाला पकडण्याचा, ४०. चाच्याचे ३० मागू नका, ते राजाने चाचा पकडला तरच. अबोला सोडा.

१६. रंग असून कोणी दुसरा रंग टाकला आणि नंतर लक्षात आलं तर?

आमचा नियम: तोच हात चालू असेल तर पान मागे घ्या. पुढचा हात सुरू झाला असेल तर त्या भिडूची त्या डावातली बोली चुकली असं धरायचं, एक हात चुकल्याचे दहा वजा, शून्य सांगितलं असेल तर शून्य फुटलं. लहान मुलांना पहिल्या बैठकीत माफी.

१७. दोघेच आहोत, किंवा आठ जण झालो. काय करायचं?

दोघांत ग्रेबिअर्ड नावाचा भुताचा भिडू घ्यायचा. त्याच्या नावाने तिसरी पानं वाटायची, त्याची पाळी आली की वरचं पान उलटायचं. तो बोली करत नाही, पण हात नेऊ शकतो आणि तुमचा हिशोब नासवतो. प्रवासात बरा आहे, चौघांची मजा नाही.

आठ जणांत सत्तर पानं प्रत्येकी आठालाच पुरतात. म्हणून नवव्या आणि दहाव्या डावातही आठ-आठच वाटा. सात जणांत मात्र दहाव्या डावाला बरोबर सत्तर लागतात, एकही उरत नाही. प्रश्न १२ मधलं भान तेवढ्यापुरतं विसरा.

१८. खोकं नाही. साध्या पत्त्यांवर खेळता येईल?

येईल, आणि आम्ही सुरुवात तशीच केली. मागची नक्षी सारखी असलेले दोन कॅट घ्या. एक पुरा हवा, दुसरा अपुरा चालेल, आणि अपुरा कॅट कोणाच्या घरात नसतो! पुऱ्या कॅटमधल्या बावन्न पानांत एक्का म्हणजे १४, राजा १३, राणी १२, गुलाम ११ आणि दुरी सगळ्यात लहान. इस्पिक हुकूम. अपुऱ्या कॅटमधली चौदा पानं घेऊन त्यांवर पक्क्या शाईच्या पेनने मोठ्या अक्षरांत लिहा: पाच चाचे, पाच पळ, दोन जलपऱ्या, एक टायग्रेस, एक स्कल किंग. शाई मागून दिसत नाही ना, ते दिव्यासमोर धरून बघा. एकूण सहासष्ट पानं होतात, म्हणजे सहा जणांना दहाही डाव पुरतील.

१९. मुलगी विचारते, यात कान्होजी आंग्रे का नाहीत?

कारण ते चाचे नव्हते. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक (परवाना) घ्यावा अशी त्यांची मागणी होती, ती इंग्रजांना मान्य नव्हती, म्हणून इंग्रजांनी त्यांना पायरेट म्हटलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तेही हात हलवत परतले. तिने घरच्या कॅटवर स्कल किंगऐवजी सरखेल लिहिलं तर माझी हरकत नाही, फक्त मग जलपरीकडून मार खावा लागेल हे आधी सांगा.

२०. चाच्यांना नावं आहेत, त्यांचा उपयोग काय?

रोज खेळणाऱ्यांसाठीचा वाढीव नियम. ज्या चाच्याने हात केलात त्याची ताकद वापरता येते. रोझीने हात केला तर पुढची उतारी कोणाची ते तुम्ही ठरवता. हुआनिता असेल तर न वाटलेली पानं गुपचूप बघता येतात. हॅरी असेल तर बोली एकने वाढवता किंवा कमी करता येते. हॅरीमुळे खेळ फार सैल होतो असं माझं मत, आम्ही त्याला साधा चाचा ठेवतो.

२१. उणे गुणांमुळे मुलं रुसतात. दुसरी पद्धत आहे?

आहे, नियमपुस्तकातच. तिला रास्कल गुणपद्धत म्हणतात. प्रत्येक डावात पानांच्या दहापट गुण सगळ्यांसमोर ठेवलेले असतात. बोली नेमकी आली तर पूर्ण, एकने चुकली तर निम्मे, त्याहून जास्त चुकली तर काही नाही. उणे होतच नाही, आणि शून्यालाही वेगळा भाव नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर हीच वापरा.

२२. लूटचं पान काय करतं?

हात करण्याच्या बाबतीत पळसारखंच. पण तो हात ज्याने केला त्याच्याशी तुमची युती होते. डावाच्या शेवटी दोघांच्याही बोली बरोबर आल्या तर दोघांना २०-२० जादा. शून्य सांगणाऱ्यालाही हे मिळतात, त्यामुळे शून्यासोबत लूट म्हणजे पर्वणी. इंग्रजीत हा शब्द आपल्याकडूनच गेलेला, त्यामुळे या पानाचं नाव कोणाला समजवावं लागत नाही.

२३. क्रॅकन आणि व्हाइट व्हेल?

क्रॅकन पडला की तो हात कोणाचाच नाही. सगळी पानं बाजूला, त्यातल्या चौदांसकट. क्रॅकन नसता तर ज्याने हात केला असता त्याची पुढची उतारी. त्या डावात एकूण हात एकाने कमी होतात हे लक्षात असू द्या, प्रश्न १२ मधली बेरीज तेवढ्याने सरकते.

व्हेल पडला की खास पानांची ताकद जाते आणि रंगही गळतात. हुकूम नाही, काही नाही, सगळ्यात मोठा आकडा जिंकतो. दोन सारखे असतील तर आधी पडलेला. जांभळी १४ काळ्या १३ च्या डोक्यावर बसते. त्या हातात आकड्याचं पानच पडलं नसेल, सगळी खासच असतील, तर तो हात क्रॅकनसारखा बाद, आणि पुढची उतारी व्हेल टाकणाऱ्याची.

२४. आणि दोन्ही एकाच हातात आले तर?

नंतर पडलेल्याचं चालतं. आधीचा पळ होऊन पडून राहतो.